प्रचाराला आलेल्या उमेदवारांना सायकलींबद्दल आणि रस्त्यांच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही काय विचारलेत?

जुना बावडेकर

कोल्हापूर महापालिकेच्या २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकांकडे गेला. इतक्या वर्षांनी पुन्हा मते मागणारी माणसे दारात येऊ लागली आहेत, तेव्हा त्यांना गटार आणि पाणी सोडून आणखी एक गोष्ट विचारावी, असे मी ठरवले.

मी गेली एकतीस वर्षे कसबा बावड्याहून धैर्यप्रसाद चौक, दाभोळकर कॉर्नर, परीख पूल या वाटेने उद्यमनगरात कामाला सायकलने जातो. हौस म्हणून नव्हे. सवय आहे, स्वस्त पडते आणि गुडघे अजून साथ देतात एवढेच. आमच्या प्रभागातल्या चौघा उमेदवारांना मी एकच प्रश्न केला : सायकलवाल्याला आणि पायी चालणाऱ्याला हे शहर सुरक्षित व्हावे म्हणून तुम्ही काय करणार?

पहिले म्हणाले, रंकाळ्याभोवती जागतिक दर्जाचा सायकल ट्रॅक करू. दुसऱ्यांनी स्वतःच्या महागड्या सायकलीचा मोबाइलवरचा फोटो दाखवला आणि दर रविवारी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जातो, असे अभिमानाने सांगितले. तिसऱ्यांचे म्हणणे असे, की रस्ते रुंद झाले की सगळेच सुरक्षित होतात, वेगळे काही करायला नको. चौथ्या ताई होत्या. त्यांनी प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि दोन दिवसांनी सांगते म्हणाल्या. अजून दोन दिवस व्हायचे आहेत.

चौघांपैकी कोणीही विरोधात बोलले नाही, आणि मला नेमके हेच खटकले. तुमच्याकडे आलेले उमेदवार काय म्हणाले, ते कृपया लिहावे. पक्षांची आणि व्यक्तींची नावे टाळावीत, म्हणजे धागा भरकटणार नाही.

पांढरा रस्सा

आमच्याकडे आलेल्यांनी सायकलचे नाव काढताच मागे उभ्या असलेल्या चाळीस बुलेट एकदम सुरू झाल्या. उत्तर ऐकू आले नाही.

शाळेची घंटा

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे आलेल्या उमेदवारांना मी सायकलीबद्दल काही न विचारता शाळेच्या फाटकाबद्दल विचारले. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना फाटकासमोर रिक्षा, मोटारी आणि मोपेड यांची अशी कोंडी होते, की जी मुले चालत किंवा सायकलने येतात त्यांनाच वाट उरत नाही. गंमत पाहा, मुलाला सायकलने पाठवायला रस्ता धोक्याचा आहे म्हणून पालक त्याला गाडीने सोडतात, आणि त्यांनी सोडायला आणलेल्या गाड्यांमुळेच तो रस्ता धोक्याचा झालेला असतो.

आणखी एक निरीक्षण. सातवी-आठवीपर्यंत आमच्या सायकल स्टँडवर मुलींच्या सायकली मुलांइतक्याच दिसतात. दहावीनंतर क्लास संध्याकाळी उशिरा सुटतात, रस्त्यावर उजेड पुरेसा नसतो, मागून येणारे टवाळ गाडी अंगाला घासून नेतात, आणि अकरावीत त्या मुलीच्या हाती मोपेड येते किंवा भाऊ सोडायला येतो. म्हणून मला तळ्याभोवतीच्या ट्रॅकपेक्षा क्लासच्या गल्लीतले दिवे महत्त्वाचे वाटतात. उमेदवार म्हणाले, "बाई, एलईडी बसवले आहेत की." दिवे आहेत हे खरेच, पण झाडाच्या फांद्यांवर त्यांचा उजेड पडतो आणि खाली अंधार राहतो.

सातवी गल्ली

राजारामपुरीत माझे कापडाचे दुकान आहे, तेव्हा दुसरी बाजूही लिहितो. सायकलींना माझा विरोध नाही. माझे वडील दुकान उघडायला सायकलनेच येत असत. पण सायकल ट्रॅक म्हटले की पहिला घाव दुकानासमोरच्या पार्किंगवर पडतो. इचलकरंजीहून, कागलहून लग्नाचा बस्ता घ्यायला येणारे सहा जणांचे कुटुंब सायकलवर येणार आहे का? गाडी लावायला जागा मिळाली नाही, तर ते महामार्गाकडच्या मोठ्या दुकानात जाईल, जिथे पार्किंगचे भले मोठे मैदान असते. रस्ता सर्वांचा असतो हे मला मान्य आहे, पण त्या रस्त्यावर पोट असलेल्यांनाही विचारले पाहिजे.

नकाशेवाला

व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे आणि रस्त्यांच्या कामांत बरीच वर्षे गेली आहेत. मूळ लेखातल्या तिसऱ्या उमेदवारांच्या उत्तरावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत चुकीचेही.

रस्ता रुंद आणि सरळ केला, की चालक आपोआप वेग वाढवतो. त्याला पाटी वाचावी लागत नाही, रस्त्याचा आकारच त्याला तसे सांगतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरवरून ५० वर गेल्यास वेग दीडपटीहून थोडा अधिक होतो, पण ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते, आणि ती झेलायला सायकलस्वाराभोवती पत्रा नसतो. म्हणूनच रस्ते सुरक्षेबद्दलच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे चालणारे, सायकलस्वार आणि मोटारी एकत्र येतात तिथे वेग ३० पर्यंत मर्यादित ठेवावा, असे म्हटले आहे. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ७० आणि दुचाकींना ६० ही कमाल मर्यादा घातली आहे. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते. महाद्वार रोडला सत्तरचा वेग कोणाला मिळेल हा विनोदाचा विषय झाला. पण रात्री दहानंतर ताराराणी चौकातून दसरा चौकाकडे येणाऱ्या रस्त्यावर उभे राहून पाहावे.

आता स्पीड ब्रेकर. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेतला गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि केवळ १० सेंटिमीटर उंच असतो; ताशी २५ किलोमीटरने तो अलगद ओलांडता येतो. आपल्या गल्लीबोळांत मागणी झाली की एका रात्रीत डांबराची जी वरवंट्यासारखी आडवी कड उभी राहते, तिला हे माप लागू पडत नाही. तिच्यावरून मोटार कशीबशी जाते, पण सायकलचा रिम वाकतो आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या आईच्या पाठीचा मणका हलतो. फूटपाथचेही तसेच आहे : मार्गदर्शिकेनुसार किमान १.८ मीटर रुंदीची आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट हवी. विजेची डीपी, जाहिरातीचा खांब आणि झाडाचा कट्टा वजा केल्यावर किती उरते, ते प्रत्येकाने आपल्या दारासमोर मोजावे.

उद्यमनगरी

बावडेकर काका, तुम्ही आणि मी बहुधा रोज परीख पुलाखाली भेटतो, फक्त ओळख नाही. पावसात तिथे पाणी साचले की मी सायकल खांद्यावर घ्यावी की पाण्यात घालावी, या विचारात दोन मिनिटे उभा असतो.

माझा मुद्दा साधा आहे. सायकलीचे नाव काढले, की उमेदवारांच्या डोळ्यांसमोर हेल्मेट आणि चकचकीत कपडे घातलेली रविवारची मंडळी येते. त्यांच्याबद्दल मला आकस नाही. तेरा-साडेतेरा तासांत २०० किलोमीटर कापणारे मित्र मलाही आहेत. पण फाउंड्रीत पहिल्या पाळीला येणारा मोल्डर, बांधकामावरचा गवंडी, पेपर टाकणारा पोरगा, हॉटेलात भांडी घासायला जाणाऱ्या मावशी, हे सगळे सायकलवाले अंधारात येतात आणि अंधारात जातात. त्यांचा कोणी क्लब नाही, त्यांचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून त्यांची संख्या कोणाला दिसत नाही. "सायकल आता कोण चालवतो?" असे विचारणाऱ्याने पहाटे साडेपाचला उठून पाहावे.

पांढरा रस्सा

पहाटे साडेपाचला उमेदवार उठतो तो मतदानाच्या दिवशीच.

पुण्यात अडकलेला

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात राहतो, म्हणून सावध करतो. पुणे महापालिकेने २०१७ च्या अखेरीस सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो उत्तम आहे. प्रत्यक्षात मी ज्या ट्रॅकवरून जातो, तो दोनशे मीटर चालतो, मग बसथांब्यापाशी संपतो, पुढे एका चहाच्या टपरीमागून पुन्हा उगवतो आणि चौकात, म्हणजे जिथे खरी गरज असते तिथे, नाहीसा होतो. त्यावर मोटारसायकली लावलेल्या असतात. मग लोक म्हणतात, पाहा, ट्रॅक केले तरी सायकलवाले वापरत नाहीत.

याउलट स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर थोड्याच काळात सुमारे ८० किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले आणि कठड्याने वेगळे केलेले मार्ग एकदम उभे केले, आणि जवळजवळ नसलेली सायकल तिथे पुन्हा दिसू लागली. धडा असा, की तुकडे करून उपयोग नाही, जाळे लागते.

तालमीतला

सेव्हिलला परीख पूल नाही. आणि आपल्यासारखा पाऊसही नाही. जून ते सप्टेंबर रेनकोट घालून सायकल मारणाऱ्याला आधी घाम येतो, मग पाऊस, आणि ऑफिसात पोहोचल्यावर दोन्हींचा वास. शिवाय विद्यापीठाकडे आणि टेंबलाईवाडीकडे चढ आहेत. माझे स्पष्ट मत आहे, की सायकलीचा हट्ट सोडून उमेदवारांना केएमटीबद्दल विचारावे. दर दहा मिनिटांनी बस आली, तर निम्म्या मोपेड घरी राहतील आणि तुमच्या सायकलींना आपोआप जागा होईल.

जुना बावडेकर

तालमीतले पैलवान, घामाच्या वासाबद्दल तुमचा अधिकार मान्य आहे. विद्यापीठाचा चढ मी साठीला टेकलेला माणूस उतरून चालत चढतो, त्यात कमीपणा वाटत नाही. बसबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. बस आणि सायकल यांना एकमेकांसमोर उभे करू नये, कारण दोघांचाही रस्ता उभी मोटार अडवते.

चौथ्या ताईंचे दोन दिवस काल संपले.

तीन चाकी

मी रिक्षा चालवतो. इथे सगळे आमच्या नावाने बोटे मोडणार हे माहीत होते, तसे झाले नाही याबद्दल आभार. शाळेच्या घंटेताईंनी फाटकासमोरच्या कोंडीत रिक्षांचे नाव पहिले घेतले, ते मात्र लागले. एका रिक्षात पाच-सहा मुले येतात. तीच मुले पाच-सहा मोटारींतून आली तर काय होईल, याचा हिशेब करावा.

आम्हाला सायकलवाल्यांचा त्रास नाही. अचानक उघडणाऱ्या मोटारीच्या दाराचा आहे, आणि तोच सायकलवाल्यालाही आहे. रस्त्याकडेला लावलेल्या मोटारीचे दार चुकवायला सायकलवाला उजवीकडे वळतो, त्याला चुकवायला मी उजवीकडे वळतो आणि समोरून केएमटी येते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरून गाड्या येतात तेव्हा भवानी मंडप ते बिंदू चौक हा खेळ दिवसभर चालू असतो.

शाळेची घंटा

तीन चाकी दादा, हिशेब बरोबर आहे आणि नाव पहिले घेतले ही माझी चूक. आमच्या मुलांना वर्षानुवर्षे सांभाळून आणणारे रिक्षावाले काका मला माहीत आहेत.

गंगावेशकर

मुद्दा थोडा सोडून लिहितो, क्षमस्व. लहानपणी आमच्या कट्ट्यावर दूध घेऊन येणारे गवळी सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून करवीरच्या खेड्यांतून येत. कॅन भरलेले असताना सायकल कोणी ढकलली तरी पडत नसे आणि रिकामे झाले की वाऱ्यानेही कलत असे. तेव्हा सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा आणि डबल सीट दिसली की दोघांनाही उतरवायचा. सायकलीवर कायदा चालवायला यंत्रणेला तेव्हा वेळ होता, याचाच अर्थ रस्त्यावर सायकल हे खरे वाहन मानले जात होते. आज तिला कोणी अडवत नाही, कारण ती कोणाच्या हिशेबातच नाही.

नकाशेवाला

गंगावेशकरांचा मुद्दा सुटलेला नाही, उलट नेमका आहे. हिशेबात नसणे म्हणजे काय, याचे एक छोटे उदाहरण देतो : पावसाळी गटारावरची लोखंडी जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेला समांतर बसवल्या, की सायकलचे चाक बरोबर फटीत अडकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्याच पट्ट्या आडव्या बसवल्या तर एक रुपयाही जास्त खर्च होत नाही. जाळी बसवताना कोणाच्याही मनात सायकलचे चाक आले नाही, एवढेच काय ते झालेले असते.

आता नगरसेवक नेमके काय करू शकतो, हेही लिहितो, म्हणजे आपण त्याला अशक्य ते मागणार नाही. वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे आहे. शहरातून रत्नागिरीकडे जाणारा महामार्ग महापालिकेच्या मर्जीने बदलत नाही. पण महापालिकेच्या रस्त्यांची रचना, फूटपाथ, दिवे, जाळ्या आणि वाहनतळ हे विषय महापालिकेचे आहेत. आयुक्त अंदाजपत्रक १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात आणि मग ते सर्वसाधारण सभेपुढे जाते. त्या वेळी, रस्त्याच्या निविदेत फूटपाथ आणि चौकाची सुधारणा धरली आहे का, असे विचारणारा एक सदस्य पुरतो. डांबर पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

फेरीवाल्यांचा प्रश्नही इथेच येतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांच्या जागा नगर पथविक्रेता समितीच्या माध्यमातून ठरवायच्या आहेत. फूटपाथ मोकळा करा म्हणणारे आणि पोट जाळू नका म्हणणारे, दोघांनाही याच समितीकडे पाठवावे.

सातवी गल्ली

सर्व वाचतो आहे. तीन चाकी यांनी दाराचा मुद्दा मांडला, तो मला पटला. माझ्याच दुकानासमोर मागच्या महिन्यात एका मुलीचा हात मोडला. मोटारीतून उतरणारे माझेच गिऱ्हाईक होते. मी पाणी दिले, रिक्षा करून दिली आणि नंतर दिवसभर मला काही सुचले नाही. तरीही पार्किंग सरसकट काढा, या मागणीला मी होकार देणार नाही. माझ्या दुकानासमोर सकाळी दहा ते रात्री नऊ ज्या गाड्या उभ्या असतात, त्यांतल्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या नसतात, हे मात्र कबूल करतो. त्या आमच्या दुकानदारांच्या आणि नोकरांच्या असतात.

उद्यमनगरी

सातवी गल्ली साहेब, हे कबूल करायला धाडस लागते. या धाग्यावर आजवर एवढे ठोस उत्तर कोणत्याही उमेदवाराने दिलेले नाही.

पुण्यात अडकलेला

मग उमेदवारांना प्रश्नच चुकीचा विचारला जातो आहे. "तुम्ही सायकलींच्या बाजूने आहात का?" याला कोणीही नाही म्हणणार नाही, ते "तुमचे आईवर प्रेम आहे का?" असे विचारण्यासारखे झाले. "आपल्या प्रभागातल्या कोणत्या रस्त्यावरची, कोणत्या बाजूची, किती वेळेची पार्किंग तुम्ही काढाल?" असे विचारा.

तालमीतला

आणि "त्या रस्त्यावर तुमच्या मेहुण्याचे दुकान असले तरी काढाल का?" हा उपप्रश्न जोडा. ज्या शहराने रस्त्यावर उतरून टोल घालवला, त्याला एवढे विचारायला काय हरकत आहे?

जुना बावडेकर

काल संध्याकाळी प्रश्न बदलून पुन्हा विचारला. ट्रॅकवाल्यांनी, "प्रशासनाशी चर्चा करून" असे एक लांबलचक वाक्य सुरू केले, ते अजून चालू असावे. पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाणारे गप्प झाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, की मी सायकल मोटारीवर बांधून शहराबाहेर नेतो आणि तिथून चालवतो, शहरात मलाही भीती वाटते. मला तो माणूस पहिल्यांदा आवडला.

चौथ्या ताई उशिरा का होईना आल्या. त्या म्हणाल्या, "काका, पार्किंग काढीन असे मी निवडणुकीआधी बोलले तर पडेन आणि नंतर बोलले तर तुम्ही खोटारडी म्हणाल. पण शाळा भरताना पाऊण तास आणि सुटताना पाऊण तास फाटकाच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर एकही चारचाकी उभी राहणार नाही, एवढे मी आजच लिहून देते." आणि त्यांनी खरेच वहीतला कागद फाडून लिहून दिले. अक्षर गिचमिड आहे, पण वाचता येते.

शाळेची घंटा

शंभर मीटर आणि दीड तास. मला चालेल. त्या आमच्या प्रभागात का उभ्या नाहीत?

सातवी गल्ली

आमच्या मागच्या गल्लीतही शाळा आहे. त्या कागदाचा फोटो इथे टाकावा. आमच्याकडच्या चौघांना तोच मजकूर सही करायला देतो; दुकानात प्रचाराला येतातच, चहा मीच पाजतो.

नकाशेवाला

रविवारी सकाळी साडेसहाला मिरजकर तिकटीपासून सुरुवात करून पेठेतले स्पीड ब्रेकर आणि गटारांच्या जाळ्या मोजायचा विचार आहे. माझ्याकडे तीस मीटरची टेप आहे; दुसरे टोक धरायला एक माणूस आणि नोंदी लिहायला एक हवा. मापे अंदाजपत्रकाच्या आत हाती असली, तर निवडून येईल त्याच्या हातात देता येतील.

उद्यमनगरी

टोक मी धरतो. रविवारी पाळी नाही.

पांढरा रस्सा

नोंदी मी लिहितो. मिसळ मोजण्याआधी की मोजल्यानंतर, एवढे आत्ताच ठरवा.